पाणी उतरेपर्यंत

१२ एप्रिल १९६०, मंगळवार
नागपुराहून परत आले. वर्ध्यापर्यंत आगगाडी, राळेगावपर्यंत मोटार, पुढे सहा मैल बैलगाडी. अंग नुसतं आंबून गेलंय. प्रथमोपचाराच्या वर्गात बाया आम्ही दोघीच, त्यामुळे बुडालेल्या माणसाचं काम आठही दिवस आमच्याकडे. पालथं पडायचं, एका हातावर दुसरा हात ठेवून त्यावर गाल टेकायचा, आणि डोक्याशी गुडघा टेकून बसलेल्याने आपली पाठ दाबायची, मग कोपरं धरून हात उचलायचे. दाब, सोड, उचल, ठेव. मिनिटाला बारा वेळा. याला कृत्रिम श्वासोच्छ्वास म्हणतात. मी यापुढे कृ.श्वा. लिहिणार, नाहीतर शाई पुरायची नाही.
शिकवणाऱ्या मोठ्या बाई फार कडक. शेवटच्या दिवशी माझे दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, हात चांगले आहेत तुझे, जिभेला तेवढा आवर घाल. रागही आला आणि डोळे पण भरले. इतकं लक्ष देऊन मला कोणी शिकवलं नव्हतं.
गावची नर्स म्हणून मला हुकूम असा की पावसाळ्याआधी घाटावरच्या डोंगेवाल्यांना हे सगळं शिकवायचं. आता झोप.

१५ एप्रिल, शुक्रवार
सकाळी घाटावर गेले. पूल नाही, तेव्हा वर्धा नदी ओलांडायची म्हणजे तीन डोंगे आणि ते चालवणारे तीन ढिवर. त्यातला श्रावण मुख्य. चाळिशीचा असेल. पाण्यात त्याच्या तोडीचा माणूस दोन्ही काठांवर नाही म्हणतात. बोलतो मोजकं. गणपत कुंभारही येऊन बसला होता, त्याला कुठल्याही कामापेक्षा दुसऱ्याचं काम बघायला आवडतं.
विचारलं, बुडालेल्याला काढल्यावर तुम्ही काय करता. तर उत्तर ठरलेलं. गणपतच्या चाकावर पालथं घालतो आणि चाक फिरवतो. तोंडावाटे पाणी पडलं की माणूस उठतो. गणपतचं घर घाटापासून शंभर पावलांवर, त्यामुळे सोयही चांगली. मागे दोघं जण उठलेत म्हणे. न उठलेले किती, ते कोणी सांगितलं नाही.
मी काय बोलले ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकबूल करता येणार नाही. म्हणाले, चाकावर घालणं म्हणजे जिवंत माणसाला आपल्या हातानं मारणं. गरगर फिरवून गेलेला श्वास येत नाही, उरलासुरला असतो तो जातो.
 श्रावण उठला, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि रिकामाच डोंगा घेऊन पलीकडे गेला. उतारू एकही नव्हता. गणपत तेवढा म्हणाला, "बाई, चाक माहं हाये. फिरवणारं तं सारं गाव हाये."
मला वाटलं, चांगलं झालं, खडसावून सांगितलं.

१६ एप्रिल, शनिवार
सगुणामावशीने आज माझं तोंड बंद केलं. मी तीन वर्षं त्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत राहते, पण इतक्या रागाने त्या कधी बोलल्या नव्हत्या. "काय बोलून आली वं तू घाटावर? श्रावणचा लहान भाऊ होता लक्ष्मण. त्यानंच काढला पाण्यातून, त्यानंच चाकावर घातला, अन् त्यानंच फिरवलं. थो चाकावरच गेला."
सन छप्पनचा भादवा. माझ्या इथे येण्याच्या आदल्या साली. गावात कोणी माझ्यापाशी कधी बोललं नाही आणि मी कधी विचारलं नाही.
 मोठ्या बाईंनी आठ दिवसांत जे ओळखलं ते मला चौतीस वर्षांत ओळखता आलं नाही. जेवण गेलं नाही. मावशींनी रागातच ताकाचा पेला आणून आपटला, तो प्यायले. त्यांचा राग नसता तर मला कळलंच नसतं, म्हणून त्यांचे उपकार.

१८ एप्रिल, सोमवार
श्रावणच्या घरी गेले. अंगणात जाळं विणत होता. मी म्हणाले, श्रावणभाऊ, मला माहीत नव्हतं.
तो म्हणाला, "मालूम असतं तं येगळं बोलल्या असत्या काय?"
मी म्हणाले, बोलले तेच असते, हळू बोलले असते.
तो हसला नाही. पण जाळ्यातून मान वर केली. त्याची बायको चहा घेऊन आली, गुळाचा. प्याले आणि परत आले. माफी मिळाली की नाही ते कळलं नाही. चहा तरी मिळाला.

२५ एप्रिल, सोमवार
दुसरा वर्ग. श्रावण आला. बसला मात्र लांब, डोंग्याच्या कडेवर, आमच्याकडे पाठ करून.
बाकीच्या दोघांना कृ.श्वा. ची लय काही केल्या जमेना. एक जण लाकडं फोडल्यासारखा दाबतो, दुसरा उचलायचं विसरतो. मी आकडे मोजते, ते आकडे ऐकतात आणि हात भलतंच करतात. माझा आवाज चढायला लागला. तेवढ्यात लांबून, मान न वळवता, श्रावण म्हणाला, "वल्ह्यावानी मारा. थांबल्या पाण्यात मारता तसं."
आणि जमलं. खरंच जमलं. पुढे झुकणं म्हणजे दाब, मागे येणं म्हणजे उचल. घड्याळ लावून बघितलं, मिनिटाला बरोबर बारा. नागपूरच्या पुस्तकात चार पानं खर्ची घातलीत, ती या माणसाने एका वाक्यात आटोपली. पुढच्या वेळी मोठ्या बाईंना पत्रातून कळवायला हवं.

९ मे, सोमवार
ऊन मरणाचं. आंब्याखाली वर्ग. आजचा धडा: काठावर आणल्याबरोबर तोंड उघडून बोट फिरवायचं, गाळ, शेवाळ, तंबाखू काय असेल ते काढायचं, जीभ मागे पडली असेल तर पुढे ओढायची. पाणी पाजायचं नाही, दारू तर नाहीच. ओलं लुगडं-धोतर सैल करायचं, वरून गोधडी. आणि थांबायचं नाही. तास झाला तरी नाही. शेवटचं मी तीन वेळा सांगितलं.
बुडालेला माणूस म्हणून गणपत आनंदाने पालथा पडतो. आज त्याच्या पाठीवर पाळीपाळीने तिघांनी दाबून घेतलं आणि शेवटी बघतो तर घोरतोय. उठवल्यावर म्हणाला, असा आराम मले लग्नातबी नाई भेटला. सगळे हसले. श्रावणसुद्धा. आता तो आमच्याकडे तोंड करून बसतो. हात मात्र लावत नाही.

६ जून, सोमवार
आज लावला.
दोघांचं झाल्यावर मी कोणालाच काही न सांगता गप्प राहिले, एवढीच माझी हुशारी. श्रावण उठला, गणपतच्या डोक्याशी गुडघा टेकला, तळवे पाठीवर ठेवले. ठेवले आणि तसाच राहिला.   मग श्रावणने दाबलं, अगदी हलकं, अंड्यावर हात ठेवल्यासारखं. मी म्हटलं, जोर लावा. म्हणाला, "बरगडी मोडंन." मी म्हटलं, मोडली तर मी बांधीन, तुम्ही श्वास आणा.
मग त्याने वीस वेळा केलं, अगदी बिनचूक, आणि उठून नदीत हात धुऊन आला.
घरी येताना वाटेत मी रडले. का, ते धड सांगता येणार नाही. बरं वाटलं म्हणून.

११ जुलै, सोमवार
नदी भरली. दोन दिवस डोंगे बंद होते, आज एक सुरू.
घाटावर लाकूड तोडताना एकाच्या पायात कुऱ्हाड बसली. मी पोचेपर्यंत श्रावणने दुपट्टा घडी करून घाव दाबून धरलेला, पाय ओंडक्यावर उंच ठेवलेला. हळद नाही, चुना नाही, शेण नाही. रक्त थांबलेलं. मला फक्त धुऊन टाके घालायचे राहिले. सोमवार-गुरुवार राळेगावहून येणारे आमचे डॉक्टरसाहेब (डॉ.सा.) बघून म्हणाले, हे कोणी केलं. मी अशा थाटात सांगितलं की जणू श्रावणला मीच जन्म दिला.

४ सप्टेंबर, रविवार
अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.
मागच्या रविवारी मी बुडाले. हे वाक्य लिहिताना गंमत वाटते, कारण बुडालेली माणसं रोजनिशी लिहीत नाहीत.
झालं ते असं. सकाळी पलीकडून निरोप, बाई अडली आहे, दोन दिवस झाले. पलीकडचं गाव आपल्या जिल्ह्यात नाही, पण पोटातल्या बाळाला जिल्हा कुठे कळतो. पाणी चढतं होतं. श्रावण म्हणाला, दुपारपर्यंत थांबा. मी म्हणाले, बाळ थांबणार नाही. तो पुन्हा म्हणाला. मी पुन्हा म्हणाले, आणि डोंग्यात जाऊन बसले. दोष माझा, पूर्ण माझा, हे आधी लिहून टाकते.
मधोमध वरून ओंडका आला. श्रावणने डोंगा वळवला, शेपटाला धक्का बसलाच. मी उभी राहिले. डोंग्यात उभं राहू नये हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी नर्स. त्यानंतर थंड, आणि लुगडं पायांत, आणि बाळंतपणाची पिशवी सोडायची नाही एवढाच विचार. पुढचं मला काही आठवत नाही.
बाळ: पलीकडच्या सुईणीने सोडवलं. मुलगी. दोघी सुखरूप. मी गेले नाही तरी चाललं असतं. हे कळल्यावर मला अपमान वाटायला हवा होता, पण नुसतं हायसं वाटलं.
छातीत दुखतंय. पुरे.

५ सप्टेंबर, सोमवार
मावशींनी आज सगळं सांगितलं. दोन वेळा सांगायला लावलं मी.
श्रावणने मला बरंच खाली, वळणापाशी धरलं आणि रेतीवर आणलं. अंग थंड, ओठ निळे. गाव गोळा झालं. आणि चार गडी घेऊन गणपत येतोय, खांद्यावर बांबू, बांबूला बांधलेलं त्याचं ते भलंथोरलं चाक. बाईला चाकापर्यंत न्यायला उशीर होईल, तर चाकच बाईपर्यंत न्यावं. काठावरून आरडाओरडा ऐकल्याबरोबर खुंटीवरून काढलं म्हणे. इतका जीव कोणी माझ्यावर कधी लावला असेल असं वाटत नाही. मी हसले आणि बरगडीत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे.
लोक म्हणाले, घाला चाकावर. श्रावण तोपर्यंत माझ्या तोंडातला गाळ काढत होता. म्हणाला, "बाईले हात लावसान तं एकेकाले पाण्यात फेकीन." पालथं घातलं, सुरू केलं. पाचदहा मिनिटं झाली, काही नाही. मग लोकांचा धीर सुटला. कोणी म्हणे बाई गेली, आता मढ्याला काय कुटतो. कोणी म्हणे परक्या बाईच्या पाठीवर हात. कोणी त्याचा खांदा धरून ओढला. एक म्हातारा म्हणाला, भावाच्या वेळी तरी चाकावर घातलं होतं रे तू. मावशी म्हणतात, हे ऐकून श्रावणचे हात एकदा थांबले. एकदाच. मग वल्ह्याची लय पुन्हा सुरू.
आणि गणपतने काय केलं, तर बांबू काढला, चाक रेतीवर आडवं टाकलं आणि त्यावर मांडी घालून बसला. ऊठ म्हटलं तर उठेना. घोरत घोरत का होईना, सगळे धडे त्याने ऐकले होते.
किती वेळ चाललं ते घड्याळात कोणी बघितलं नाही. मावशी म्हणतात, डोंग्याच्या एका खेपेला लागतो तेवढा वेळ, जाऊन येऊन. मग मी खोकले.
माझी बोटं उलगडून पिशवी काढावी लागली.

८ सप्टेंबर, गुरुवार
पावसाने रस्ता बंद होता, डॉ.सा. आज आले. छातीत थोडी घरघर, ती जाईल. डावी एक बरगडी मोडली आहे. आमच्या मोडक्या बरगडीचा त्यांना काय आनंद. म्हणाले, बुडणाऱ्याची बरगडी मोडते म्हणजे शिकवणाऱ्याचं चीज झालं.
असंही म्हणाले की परदेशात आता तोंडाला तोंड लावून श्वास फुंकतात, आपल्याकडेही लवकरच तेच येईल. म्हटलं, न रडणाऱ्या बाळांना मी कधीपासून तसंच करते. मोठ्या माणसांना करायला घाटावर शिकवायचं म्हणजे आधी माझी बदली करून ठेवा.
अक्काचं अमरावतीहून पत्र, नोकरी सोड आणि ये. नाही जाणार. या गावाने मला पाण्यातून काढून परत दिलंय. असं टाकून कसं जाऊ.
रोज सकाळी डोळे उघडले की आधी एक मोठा श्वास घेऊन बघते. दुखतो. किती छान दुखतो.

१२ सप्टेंबर, सोमवार
आज श्रावण आला, पहिल्यांदाच. ओट्यावर बसला. मी आठ दिवस भाषण पाठ करत होते, उपकार, जन्म, ऋण, सगळे शब्द घालून. दोन वाक्यं झाली असतील. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, एक इचाराचं होतं.
त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.
"तुमी थंड होत्या बाई. हातपाय निळे. लक्ष्मण गरम होता. मी लवकर काढलता त्याले. चाकावर घातला तवा त्याले एक उचकी आली. मले वाटलं, चाक चालून राह्यलं. म्हणून मी अजून जोरानं फिरवलं." थांबला. "तुमी वाचल्या. मंग तो…"
मी तोंड उघडलं.  त्याने हात वर केला.
"आत्ता नोका सांगू. पाणी उतरू द्या. पाण्याचे दिवस हायेत, मले डोंगा चालवा लागते. हात थरथरून जमत नाई."
आणि गेला. दुपारभर मी त्या ओट्याकडे बघत होते.

१३ सप्टेंबर, मंगळवार
उत्तर मला माहीत आहे. तेच तर आहे.
अंग गरम होतं. लवकर काढला होता. उचकी आली, म्हणजे शरीर अजून श्वास मागत होतं. त्या क्षणी चाक थांबवून, पालथं घालून, पाठ दाबली असती तर… वाचला असता असं छातीठोक कोणी सांगू शकणार नाही. पण माझ्यापेक्षा त्याची आशा जास्त होती. माझ्यात काहीच नव्हतं, ना ऊब ना उचकी, तरी मी इथे बसून शाई खर्च करतेय.
ज्याने मला परत आणलं त्याला हे सांगायचं. मी जिवंत आहे हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा. देवा, असा कसा हिशेब मांडलास.

२२ सप्टेंबर, गुरुवार
डॉ.सा. ना विचारलं. ते म्हणाले, सरळ खोटं सांगा. पोटात पाणी फार गेलं होतं, प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला असता तरी उपयोग नव्हता, असं सांगा. औषध कडू असेल तर साखरेतून देतोच ना.
मावशी म्हणतात, त्याने पुन्हा विचारलं नाही तर तूही विषय काढू नको. आणि विचारलं तर? तर मावशी म्हणतात, मले काय इचारतं, शिकली तू हायेस.
दोघंही माझ्यावर माया करतात. दोघांचंही पटत नाही. खोटं बोलले आणि त्याला ते पटलं, तर उद्या पुढचा बुडालेला गरम असताना, उचकी देत असताना, श्रावणच्या मनात येईल की याचा काही उपयोग नाही. आणि नाही पटलं, तर मी म्हणजे त्याला शिकवणारी बाई, तीच खोटी ठरणार.
खरं बोलायचं तर माझ्या जिभेचा इतिहास तिथे उभा आहे. हेच वाक्य एप्रिलमध्ये मी किती सहज फेकून दिलं होतं. आता शब्द तेच आहेत आणि उचलवत नाहीत.

१० ऑक्टोबर, सोमवार
दीड महिन्यांनी घाटावर. चालत गेले, हळूहळू. आंब्याखाली बघते तो तिनाचे अकरा झालेले. एरवी मला बघून रस्ता बदलणारा, रेतीवर श्रावणला भावाचं बोललेला तो म्हातारासुद्धा. तांड्यावरच्या दोन बंजारा बाया आल्या होत्या, त्यांच्या विहिरीला कठडा नाही, विहिरीत पडलेल्याचं पण असंच करायचं का विचारत होत्या. म्हटलं, असंच. त्यातली मोठी मला दरवेळी याडी म्हणते. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. वयाने माझ्यापेक्षा मोठी असेल.
मला दम लागत होता म्हणून श्रावणनेच शिकवलं. मी नुसती बसून पाहिलं. माझ्यापेक्षा चांगला शिकवतो, ओरडत नाही. एका बाईचा हात चुकला तर तो बाजूला वल्हं मारल्यासारखा झुकत राहिला, ती बघून आपोआप सुधारली.
गणपत आता बुडालेला माणूस म्हणून झोपायला नकार देतो. म्हणतो, मी आता उस्ताद हाये.
श्रावणने माझ्याकडे नीट पाहिलं नाही. पाणी अजून गढूळ आहे, उतरतंय.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार
दिवाळी. श्रावणच्या बायकोने करंज्या पाठवल्या. गणपतने पणत्या, चोवीस. खोलीत मावणार नाहीत इतक्या. सगळ्या लावल्या. मावशी म्हणाल्या, घर पेटवतं काय वं.
पाडव्याला काय मागावं म्हणून बसले तर मागण्यासारखं काही सुचेना. फक्त श्रावणला ते सांगायचं बळ सोडून.

२ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी आला. अंगणात उभा राहिला, आज ओट्यावर बसला नाही. म्हणाला, "पाणी उतरलं, बाई."
मी बाहेर आले. दोन उत्तरं तयार होती, एक डॉ.सा. नी दिलेलं, एक माझं. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि डॉ.सा. चं उत्तर उरलंच नाही. त्याने ते माझ्या चेहऱ्यावर ओळखलं असतं. नदीवरचा माणूस, वरचं पाणी बघून खालचा खडक सांगतो.
मी हळू बोलले. म्हणाले, श्रावणभाऊ, नक्की कोणीच सांगू शकत नाही. पण उचकी आली होती म्हणजे लक्ष्मण तेव्हा गेला नव्हता. वाचला असता, कदाचित. मग म्हणाले, तुम्हाला माहीत नव्हतं. गावात कोणालाच माहीत नव्हतं. त्या साली मी इथे असते तर मीही लोकांत उभी राहून चाकच बघत बसले असते, कारण हे मलाही कोणी शिकवलं नव्हतं. हे सांत्वन नव्हतं, खरं होतं. पण ऐकायला सांत्वनासारखं वाटलं, आणि मला स्वतःचा राग आला.
तो उभाच होता.  मावशी आतून पाणी घेऊन आल्या, ते प्यायला, गडवा खाली ठेवला. मग म्हणाला, "चार वरसं मी त्यालेच इचारून राह्यलो. थो काई बोलत नाई. तुमी बोलल्या."
एवढंच. वळला आणि गेला. घराकडे नाही, नदीकडेही नाही, गावाबाहेरच्या रस्त्याने.
मी केलं ते बरं की वाईट, कळत नाही. मावशी माझ्याशी बोलत नाहीत, पण त्यांनी माझं ताट झाकून ठेवलंय. श्रावणने मला ज्या श्वासावर आणलं त्याच श्वासाने मी हे त्याला सांगितलं. त्याचे उपकार कसे मानायचे ते मला अजून माहीत नाही, पण खोटं बोलून नक्कीच नाही, एवढं आज वाटतं. उद्या वाटेल की नाही, सांगता येत नाही.
उद्या कार्तिकी पौर्णिमा. उजाडायच्या आधीपासून घाटावर अंघोळीला माणसं, दोन्ही काठांची, पोराबाळांसकट. डोहाच्या वळणावर कोणीतरी पोहणारं उभं हवं. बाकीच्या दोघा डोंगेवाल्यांना जागा नेमून दिल्या, गणपतला गोधड्या घेऊन बसवलंय, मी आंब्यापाशी. डोहाची जागा मी कोणालाच दिलेली नाही. श्रावणकडे निरोपही पाठवला नाही, यायचं तर आपणहून येऊ दे.